"झोपलास काय रे?" : होमरच्या काव्यातली झोप, तिचे उपकार आणि तिचे घोळ

रातकिडा (धागाकर्ता)

मंडळी, गेले चार महिने माझी नाइट शिफ्ट चालू आहे. रात्री झोपता येत नाही आणि दिवसा झोप येत नाही, म्हणून ब्रेकमध्ये वाचायला प्राचीन ग्रीक कवी होमरचं इलियड (ट्रॉयच्या युद्धाचं काव्य) आणि ओडिसी (त्या युद्धाहून ओडिसियसच्या घरी परतण्याचं) काढलं (इंग्रजी भाषांतरातून हां, ग्रीक मला अल्फा-बीटाच्या पुढे येत नाही). युद्ध, राग, समुद्र, एकडोळ्या राक्षस हे सगळं असणार हे ठाऊक होतं, पण मला तिथं जिकडे तिकडे दिसायला लागली ती झोप. उपाशी माणसाला दुसऱ्याचं ताट दिसतं तसं असेल.

सुरुवात इलियडच्या दुसऱ्या सर्गापासून. सगळे देव आणि माणसं रात्रभर झोपलीयत, एकट्या झ्यूसचा, देवांच्या राजाचा, डोळा लागत नाहीये, कारण अपमान झालेल्या ग्रीक वीर अकिलीसचा मान राखायला ग्रीकांना मार कसा खायला लावायचा हे त्याच्या डोक्यात चाललंय. मग तो ग्रीकांचा राजा अगामेम्नॉन याच्याकडे एक स्वप्न पाठवतो. खोटं स्वप्न. ते त्याचा म्हातारा सल्लागार नेस्टर याचं रूप घेतं, राजाच्या उशाशी उभं राहतं आणि तोंड उघडल्या उघडल्या म्हणतं, झोपलास? ज्याच्या जिवावर एवढी माणसं आहेत त्याने रात्रभर झोपू नये! म्हणजे फसवायला आलंय आणि वर कर्तव्याचं लेक्चर देतंय.

पुढे वाचत गेलो तर हे "झोपलास?" परत परत भेटायला लागलं. २३व्या सर्गात अकिलीस दमून समुद्रकाठी आडवा होतो, त्याचा मेलेला जिवलग मित्र पॅट्रोक्लस उशाशी येतो, "झोपलास, आणि मला विसरलास अकिलीस." (माझे दहनसंस्कार अजून केले नाहीस ही तक्रार.) २४व्यात देवांचा दूत हर्मिस ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाच्या, प्रायमच्या उशाशी, शत्रूंच्या मधोमध असून तू अजून झोपलायस? आणि ओडिसीच्या चौथ्यात अथीना देवीने धाडलेली बहिणीची छाया ओडिसियसच्या बायकोच्या, पेनेलोपीच्या उशाशी, झोपलीस का गं, मनाला एवढा घोर लावून?

माझं मत असं झालंय की होमरकडे झोप म्हणजे विश्रांती नाहीच. कथेला जिथं वळायचं असतं तिथं कोणीतरी झोपतं. आणि सगळ्यात जास्त मार खातो तो ओडिसियस, एवढा हुशार माणूस दोनदा झोपला आणि दोन्ही वेळा वाट लागली. तुम्हाला काय वाटतं?

टिंबटिंब

मी हा धागा ऑफिसमध्ये दुपारी अडीच वाजता वाचतोय. झोपलास काय रे हे वाक्य मॅनेजर पण उशाशी उभा राहूनच म्हणतो.

गवतीचहा

मस्त विषय! वाखूसा (वाचनखूण साठवली). मी कधीकाळी दोन वर्षं ग्रीक घासलंय, त्यातलं आठवतंय तेवढं टाकते.

होमरच्या झोपेला एक ठरलेलं विशेषण आहे, नेडुमोस. याचा अर्थ काय यावर लोकांनी खूप डोकं खाजवलंय. मूळ शब्द बहुधा हेडुमोस, म्हणजे गोड. पण आधीच्या शब्दाच्या शेवटी "न" असायचा, हे सगळं गाऊन ऐकवायचे, लिहून नाही, त्यामुळे तो "न" सरकून पुढच्या शब्दाला चिकटला आणि नवाच शब्द तयार झाला. आपल्या नारिंगाचा "न" युरोपात जाताना गळाला आणि ऑरेंज झालं, त्याच्या बरोब्बर उलटं.

दुसरं विशेषण जास्त भारी आहे, लुसिमेलेस, म्हणजे हातपाय सैल सोडणारी. आता बघा, रणांगणात कुणी मेला की होमर म्हणतो त्याची गात्रं सुटली. क्रियापद तेच. आणि हेसिअड या दुसऱ्या जुन्या ग्रीक कवीने हेच विशेषण प्रेमाच्या देवाला लावलंय. झोप, प्रेम आणि मरण, तिघांत शरीराचं एकच होतं, ते आपल्या ताब्यात राहत नाही. त्यामुळे रातकिडा तुमच्या मुद्द्याला माझा अर्धा पाठिंबा. अर्ध्याबद्दल नंतर भांडते, आत्ता कुकर लागलाय.

टिंबटिंब

हिप्नोसचं कुणी सांगितलंच नाही अजून? अख्ख्या इलियडमधला माझा सगळ्यात आवडता सीन. १४वा सर्ग. झ्यूसची बायको हेरा हिला त्याला झोपवायचंय म्हणजे तेवढ्यात समुद्रदेव पोसायडन ग्रीकांना मदत करेल. ती लेम्नॉस बेटावर जाऊन साक्षात झोपेच्या देवाला गाठते, नवऱ्याला झोपव, तुला सोन्याचं सिंहासन देते, माझा मुलगा हेफायस्टस बनवून देईल, खाली पाय ठेवायला स्टूल पण. हा म्हणतो नको बाई. मागच्या वेळी तुझ्या सांगण्यावरून झोपवला होता, तू तेवढ्यात त्याच्या मुलाचं, हेरॅक्लीसचं जहाज कॉस बेटावर भरकटवलंस, तो उठला आणि मला समुद्रात फेकणार होता, आमच्या आईने, म्हणजे रात्रीने, वाचवला. बाकी कुणालाही झोपवतो, झ्यूसला नाही.

मग हेरा भाव वाढवते. पॅसिथिया नावाच्या देवीशी लग्न लावून देते म्हणते. झालं, साहेब लगेच तयार, पण आधी स्टिक्स नदीची (देवांनाही मोडता न येणारी) शपथ घे!! लेखी पाहिजे. मग आयडा पर्वतावरच्या सगळ्यात उंच झाडावर पक्षी होऊन बसतो आणि काम फत्ते. वर पोसायडनला पळत पळत जाऊन सांगतो पण, साहेब झोपलेत, करा काय करायचं ते. १५व्या सर्गात झ्यूस उठतो तेव्हा हेराला असा काही झापतो की बस.

खडूस_आजोबा

हसण्यावारी नेऊ नका. याच हिप्नोसला दोन सर्गांनंतर पुन्हा बघा. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन पॅट्रोक्लसच्या हातून मरतो, बापाला इच्छा असूनही वाचवता येत नाही, मग अपोलो देव ते प्रेत उचलून नदीवर धुतो आणि निद्रा व मृत्यू हे जुळे भाऊ ते अलगद उचलून लिसियाला, म्हणजे त्याच्या घरी नेऊन ठेवतात. लाच मागणारा देव इथे खांदेकरी झालाय.

इ.स.पू. ५१५च्या आसपास युफ्रोनिओस नावाच्या चित्रकाराने एका मोठ्या भांड्यावर हा प्रसंग काढलाय, पंखवाले दोन योद्धे आणि मधे तो रक्त गळणारा देह. हे भांडं १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दहा लाख डॉलर मोजून घेतलं, ते इटलीतून चोरून उकरलेलं निघालं आणि २००८ साली परत करावं लागलं. सार्पेडॉनला दुसऱ्यांदा घरी पोचवला म्हणायचा.

अजून एक. झोपलेल्यांना मारण्याचा विषय निघाला की आपल्या माणसाला महाभारतातलं सौप्तिकपर्व (अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या पांडवसैन्याला मारलं ते) आठवणारच. इलियडच्या दहाव्या सर्गात ओडिसियस आणि दुसरा ग्रीक वीर डायोमिडिस रात्री ट्रॉयच्या बाजूने आलेल्या थ्रेसच्या छावणीत घुसून १२ माणसं आणि तेरावा राजा ऱ्हीसस यांना झोपेत कापतात आणि त्याचे पांढरे घोडे पळवतात. आता फरक पाहा. महाभारतात कृपाचार्य अश्वत्थाम्याला आधी समजावतो, झोपलेल्याला मारणं धर्म नव्हे, आणि नंतर त्या कृत्याचा शाप आहे, कपाळावरचा मणी गमावणं आहे. इलियडमध्ये? दोघं परत येतात, समुद्रात घाम धुतात, टबात आंघोळ करतात, जेवायला बसतात, अथीनाला वाइन वाहतात. संपलं. कुणी हूं की चूं करत नाही. (हा सर्ग मागाहून घुसडलेला आहे असं मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत, ते वेगळं.)

रातकिडा

आजोबा, दंडवत. दहाव्या सर्गाबद्दल एवढंच की त्याच रात्री अगामेम्नॉनला चिंतेने झोप येत नाही, तो उठून नेस्टरकडे जातो आणि बाहेर बैलाच्या कातड्यावर घोरत पडलेल्या डायोमिडिसला नेस्टर चक्क लाथेने उठवतो. दुसऱ्या सर्गात जे स्वप्नाने सुनावलं ते इथं राजा खरंच पाळतोय. मला तो सर्ग घुसडलेला असला तरी आवडला.

डॉ_डुलकी

ओडिसियसची बाजू मी मांडतो, डॉक्टर म्हणून. वाऱ्यांचा राखणदार इओलस याने सगळे वादळी वारे पिशवीत बांधून दिले, नऊ दिवस नऊ रात्री हा बाबा स्वतः शिडाची दोरी धरून बसला, दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही, दहाव्या दिवशी इथाका, त्याचं घरचं बेट, दिसली, किनाऱ्यावर लोकांनी पेटवलेल्या शेकोट्या दिसण्याइतकी जवळ, आणि तिथे याचा डोळा लागला. खलाशांना वाटलं पिशवीत सोनं-चांदी आहे, उघडली, वारे सुटले, सगळे परत मागे.

लोक याला निष्काळजी म्हणतात. अहो १९६४ साली एका अमेरिकन शाळकरी मुलाने मुद्दाम जागून बघितलं ते ११ दिवस, सोबत डॉक्टर आणि मित्र त्याला सतत हलवून जागं ठेवायला होते. एवढ्या जागरणात मेंदू मधेच काही सेकंद आपोआप बंद पडतो, माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणजे नऊ दिवस ही कवीने अगदी काठावरची आकडेवारी दिलीय, चमत्कार न वाटता माणूस कोसळेल अशी. पुढे कॅलिप्सो देवीच्या बेटावरून तराफ्याने निघतो तेव्हा मात्र १७ दिवस कृत्तिका आणि सप्तर्षी बघत जागाच, ते कै वैद्यकात बसत नै.

उंबरठा

डॉक्टर, पण एक प्रश्न आहे. तो झोपला हे आपल्याला सांगतं कोण?

९ ते १२ हे सर्ग ओडिसियस स्वतः फिएशियन लोकांच्या (प्रवासात आसरा देणाऱ्या बेटवासियांच्या) दरबारात बसून सांगतोय. दोन्ही झोपा त्यातच आहेत. दुसरी झोप थ्रिनेशिया बेटावर, सूर्याच्या गायी मारू नका असं बजावलेलं, महिनाभर वारा उलटा, धान्य संपलं, हा प्रार्थना करायला आत जातो आणि देव म्हणे त्याच्या पापण्यांवर झोप ओततात, तेवढ्यात खलाशी गायी कापतात. मग सगळे बुडून मरतात, हा एकटा उरतो. म्हणजे साक्षीदार शून्य. आणि दोन्ही वेळा आरोपीचं म्हणणं, साहेब मी झोपलो होतो. कोर्टात चालेल का हे?

वर त्याला स्वतःलाच शंका असावी. स्वर्गात सूर्याने झ्यूसकडे केलेली तक्रार तो शब्दशः सांगतो आणि लगेच पुरवणी जोडतो, हे मला कॅलिप्सोने सांगितलं, तिला हर्मिसने. एवढं जपून बोलणारा माणूस! आणि मूळ चूक झोपेची नाहीच, पिशवीत काय आहे ते खलाशांना सांगितलं नाही ही आहे. त्याचा कुणावर विश्वास नाही म्हणून नऊ दिवस शिडाची दोरीही सोडली नाही. अविश्वासाने जागा राहिला आणि जागरणाने झोपला.

टिंबटिंब

मॅडम वकील आहेत का. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

गवतीचहा

कुकर झाला, आता भांडते. रातकिडा, झोपेने "दोनदा वाट लागली" हे बरोबर, पण तिसरी झोप विसरलात, आणि तीच महत्त्वाची. १३वा सर्ग. फिएशियन लोक त्याला जहाजात चादर-सतरंजी घालून झोपवतात आणि कवी म्हणतो अशी गाढ, अशी गोड झोप, मरणाच्या अगदी शेजारची. वीस वर्षं सोसलेला माणूस सगळं विसरून झोपलाय आणि जहाज धावतंय. पहाटेचा तारा उगवतो तेव्हा इथाका येते. ते त्याला झोपलेलाच उचलून वाळूवर ठेवतात.

इओलसच्या वेळी इथाका दिसली होती, हा जागा होता, सगळं स्वतःच्या हातात धरून होता, आणि शेवटच्या घटकेला झोपेने ती हिरावली. आता हा परक्यांच्या जहाजात, परक्यांच्या भरवशावर झोपलाय आणि झोपच त्याला इथाकेला आणून सोडते. उठल्यावर स्वतःचं गाव ओळखत नाही ही वर आणखी चेष्टा. उंबरठांनी विश्वासाचा मुद्दा काढला म्हणून हे जुळलं, माझं मत असं की होमरकडे झोपेचा खरा प्रश्न "कधी झोपला" नाही, "कुणाच्या भरवशावर झोपला" हा आहे.

भोपळेवाडीकर

मी ओडिसीचं एक सोपं रूपांतर वाचलंय फक्त, त्यात पाचव्या सर्गाचा शेवट होता तो कधीच विसरणार नाही. दोन दिवस दोन रात्री समुद्रात तरंगून हा नागडा किनाऱ्याला लागतो, दोन झुडपांखाली शिरतो, पालापाचोळा अंगावर ओढून घेतो आणि झोपतो, आणि उपमा काय तर रानात एकट्या वस्तीवर राहणारा, जवळपास शेजारी नसलेला माणूस निखारा राखेत पुरून ठेवतो, विस्तव मागायला कुठे जायला लागू नये म्हणून, तसा. आमची आजी रात्री चुलीत शेणीचा तुकडा राखेखाली दाबून ठेवायची आणि सकाळी फुंकर मारायची. एक माणूस झोपतो याला यापेक्षा चांगलं कुणी लिहिलं असेल तर सांगा.

खडूस_आजोबा

+१. आणि याच्या उलटी उपमा विसाव्या सर्गात. स्वतःच्याच घराच्या पडवीत भिकारी होऊन कातड्यावर पडलाय, दासी हसत खिदळत पेनेलोपीशी लग्न करायला घरात ठाण मांडलेल्या मागणीदारांकडे चालल्यात, हा रागाने तळमळतोय, या कुशीवरून त्या कुशीवर, जसा कुणी चरबी आणि रक्त भरलेली आतड्याची पिशवी विस्तवावर उलटीपालटी करतो, लवकर भाजावी म्हणून. एक निखारा, एक भाजणं.

टिंबटिंब

रक्ती-वजडी खाणाऱ्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. शुक्रवारी आठवण काढू नका आजोबा.

उंबरठा

पेनेलोपीकडे या जरा. बाईच्या झोपेचा कंट्रोल पूर्ण अथीनाकडे. पहिल्या सर्गात मुलगा चारचौघांत "वर जा, आपलं विणकाम बघ" म्हणतो, ती वर जाऊन नवऱ्यासाठी रडते, अथीना झोपवते. चौथ्यात ती झोपल्यावर अथीना ते छायेचं स्वप्न धाडते. १८व्यात दिवसाढवळ्या झोपवून तिचा मेकअप करते (खरंच, ती झोपलेली असताना तिला उंच, भरीव आणि हस्तिदंतापेक्षा गोरी करून ठेवते). २१व्यात परत. आणि २२व्या सर्गात खाली शंभरावर मागणीदार कापले जातायत, आरडाओरडा, रक्ताचा चिखल, आणि ही वरच्या मजल्यावर गाढ झोपलेली. कुणी म्हणेल हे तिला गोष्टीतून बाहेर ठेवणं आहे, मलाही आधी तसंच वाटायचं.

पण मग म्हातारी युरिक्लिया पळत येऊन उठवते, नवरा आलाय म्हणून, आणि पेनेलोपी काय म्हणते? वैतागते! ओडिसियस त्या नाव घेऊ नये अशा गावाला (म्हणजे ट्रॉयला) गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती, ती मोडलीस, दुसरी कुणी दासी असती तर हाकलूनच दिली असती, तुझ्या वयाकडे बघून सोडते. वीस वर्षांत पहिली धड झोप, आणि तीही नेमकी तो घरात असताना. तिला माहीत नाही तो आहे ते. (की माहीत आहे? यावर वेगळा धागा होईल.)

रातकिडा

गवतीचहा आणि उंबरठा, तुमच्या प्रतिसादांनंतर काल शिफ्टमध्ये इलियडचा २४वा सर्ग परत वाचला आणि माझं मूळ मत बदलायला लागलंय. सुरुवातीला छावणीत सगळे जेवून झोपतात, अकिलीसला झोप नाही, कधी कुशीवर, कधी उताणा, कधी पालथा, मग उठून किनाऱ्यावर फिरतो आणि पहाटे त्याने मारलेल्या हेक्टरचं, प्रायमच्या मुलाचं, प्रेत रथामागे फरपटवतो. दुसरीकडे प्रायम. मुलगा गेल्यापासून त्याचा पण डोळा लागलेला नाही. म्हणजे मारणारा आणि मेलेल्याचा बाप, दोघंही जागे.

म्हातारा रात्री एकटा शत्रूच्या तंबूत येतो, ज्या हातांनी पोरं मारली ते हात चुंबतो, दोघं रडतात, जेवतात, एकमेकांकडे बघत बसतात. आणि मग प्रायम काय मागतो? मला आता अंथरूण दे. तुझ्या हातून माझा मुलगा गेला तेव्हापासून माझ्या पापण्या मिटल्या नाहीत. मुलाच्या खुन्याच्या पडवीत तो झोपतो! आणि आत अकिलीस त्याची युद्धबंदी ब्रिसीस हिच्या शेजारी झोपतो, आणि इलियडमध्ये अकिलीस आपल्याला दिसतो तो हा शेवटचा. झोपलेला. एवढा रागाचा महाग्रंथ आणि त्याचा नायक पडद्याआड जातो तो झोपेत, ते सुद्धा हा तोडगा टिकणार नाही हे माहीत असताना, कारण मग सगळे देव आणि माणसं झोपलीयत आणि एकट्या हर्मिसला झोप नाही, तो जाऊन म्हाताऱ्याला उठवतो. दुसऱ्या सर्गाची सुरुवात आठवा, तीच रचना, तिथं झ्यूस जागा होता ग्रीकांना मारायला, इथं हर्मिस जागा आहे एका म्हाताऱ्याला घरी पोचवायला.

पहाटे चारला हे वाचून मी कॅन्टीनमध्ये डोळे पुसत होतो, सिक्युरिटीवाल्या काकांना वाटलं घरी कोणी गेलं.

भोपळेवाडीकर

होमरनंतरच्यांनी हे पुढे नेलं का? की संपलं?

गवतीचहा

नेलं की. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला अपोलोनियस, त्याचं आर्गोनॉटिका, तिसरा सर्ग. सोनेरी लोकर आणायला आलेल्या जेसनच्या प्रेमात पडलेली राजकन्या मिडिया रात्रभर जागी. पण आधी तो सगळ्या जगाला झोपवत आणतो, खलाशी तारे बघतायत, वाटसरू आणि दारावरचा पहारेकरी झोपेला आसुसलेत, जिची मुलं गेली त्या आईला देखील गाढ झोप लागलीय, गावात कुत्रंही भुंकत नाही. आणि मिडियाला झोप नाही. ती मुलं गेलेली आई तिथं उगाच नाहीये, पुढे मिडियाने स्वतःची मुलं मारली ते श्रोत्यांना नाटकांतून पाठ होतं. चौथ्या सर्गात हीच बाई हिप्नोसला हाक मारून त्या लोकरीवर पहारा देणारा अजगर झोपवते. स्वतःला येत नसलेली झोप दुसऱ्याला देते.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), उंबरठांच्या कोर्टकेसबद्दल एक पुरावा सापडलाय. ओडिसीचा २३वा सर्ग, नवरा-बायको एकदाचे त्या ऑलिव्हच्या बुंध्यातून घडवलेल्या पलंगावर, अथीनाने रात्र लांबवलीय, उषेचे घोडे अडवून धरलेत. ओडिसियस तिला सगळा प्रवास सांगतो आणि सगळं ऐकून होईपर्यंत तिच्या पापण्यांवर झोप उतरत नाही. मग शेवटी त्याला ती लुसिमेलेस झोप लागते, आणि कवी इथं शब्दाशी खेळतो, गात्रं सोडणारी झोप मनाच्या चिंताही सोडवते.

तर तो काय काय सांगतो त्याची यादी कवीने दिलीय. इओलसकडे गेलो, त्याने चांगलं केलं, निरोप दिला, पण घरी पोचायचं नशिबात नव्हतं, वादळाने उचलून परत समुद्रात नेलं. सूर्याच्या गायी खलाशांनी मारल्या, झ्यूसने जहाज फोडलं. बस. पिशवी नाही, आणि दोन्ही ठिकाणी झोपेचा एक शब्द नाही.

उंबरठा

काय सांगताय!! परक्यांच्या दरबारात झोपेची सबब, आणि घरी झोप गाळली?

डॉ_डुलकी

संक्षेप आहे हो तो, वीसपंचवीस ओळींत चार सर्ग बसवायचे होते. आशिलावर अन्याय करू नका.

टिंबटिंब

डॉक्टर, तुमचं लग्न झालंय का? वीस वर्षांनी घरी आलेला माणूस बायकोला सांगेल का, की आपल्या गावच्या शेकोट्या दिसत होत्या आणि मी झोपलो म्हणून.